इफ-एल्सऐवजी पॅटर्न मॅचिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नव्याने आलेली मुलं-मुली हे प्रश्न विचारतात, आणि दहा-बारा वर्षं जावा लिहिलेले सहकारीही विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. कोडचे नमुने मराठीतच लिहिले आहेत. ते कुठल्याही एका भाषेचं व्याकरण पाळत नाहीत, रूप दाखवण्यापुरते आहेत.

पॅटर्न मॅचिंग म्हणजे नक्की काय?

हाती आलेला डेटा कोणत्या आकाराचा असू शकतो ते लिहायचं, आणि तो त्या साच्यात बसला तर आतले भाग तिथल्या तिथे नावं देऊन बाहेर काढायचे. तपासणं आणि सोडवून घेणं ही दोन कामं एकाच वेळी होतात.

इफ लिहिताना ती वेगळी पडतात. आधी विचारायचं, "यादीत निदान दोन घटक आहेत ना?" मग पुढच्या ओळीत पहिला काढायचा, त्यापुढच्या ओळीत दुसरा. सहा महिन्यांनी कुणीतरी मधे चार ओळी घालतो, तपासणी वर राहते, वापर खाली सरकतो, आणि एके दिवशी रिकाम्या यादीकडे पहिला घटक मागितला जातो. साच्यात ही फट राहत नाही:

जुळव यादी
  [] → "काहीच नाही"
  [एक] → "फक्त " + एक
  [पहिला, दुसरा, ...बाकी] → पहिला + " आणि " + दुसरा + " वगैरे"

"दुसरा" हे नाव फक्त तिसऱ्या ओळीतच अस्तित्वात आहे. जिथे दुसरा घटक नाही, तिथे ते नाव वापरताच येत नाही.

म्हणजे स्विच-केसच ना?

दिसायला तसं वाटतं. सी किंवा जुन्या जावातलं स्विच एका किमतीची तुलना ठरावीक स्थिर किमतींशी करतं, बस. त्याला आत डोकावता येत नाही. "ऑर्डर आहे, तिचा पत्ता परदेशातला आहे, आणि सामानाच्या यादीत एकच वस्तू आहे" हे स्विचला एका दमात सांगता येत नाही, साच्याला येतं, कारण साच्यात साचा बसतो. शिवाय सीमध्ये ब्रेक लिहायला विसरलं की कोड पुढच्या केसमध्ये घरंगळतो. पॅटर्न मॅचिंगमध्ये वरून खाली पाहिलं जातं, जो साचा पहिला जुळेल त्याचीच शाखा चालते आणि विषय संपतो.

पीएचपीच्या ८.० आवृत्तीतलं मॅच नावामुळे फसवतं. ते स्विचपेक्षा कितीतरी बरं आहे, पण डेटा सोडवून देत नाही.

रेग्युलर एक्स्प्रेशनशी याचा काही संबंध आहे का?

नावापुरता. रेग्युलर एक्स्प्रेशन अक्षरांच्या ओळीत नमुना शोधतं. इथे आपण रचना असलेल्या डेटाबद्दल बोलतो आहोत: याद्या, रेकॉर्ड, झाडं. डिझाइन पॅटर्नशी तर तेवढाही संबंध नाही.

इफ-एल्स तर सगळ्यांना कळतं. मग हा आग्रह कशासाठी?

याचं उत्तर मी एका जुन्या प्रसंगानेच देतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या टीममध्ये ऑनलाइन पेमेंटचं काम करत होतो. पेमेंटचं उत्तर दोनच प्रकारचं यायचं: यशस्वी किंवा अयशस्वी. कोड सरळ होता. यशस्वी असेल तर ऑर्डर पक्की, नाहीतर ऑर्डर रद्द. मीच लिहिला होता, आणि ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो बरोबर होता.

पुढे समोरच्या यंत्रणेने तिसरं उत्तर पाठवायला सुरुवात केली: प्रलंबित. पैसे खात्यातून गेलेत, पण निकाल अजून लागलेला नाही. आमच्या इफने विचारलं, "यशस्वी आहे?" नाही. मग एल्स. ऑर्डर रद्द. पैसे कापले गेलेली माणसं फोन करत होती, आणि आमच्या लॉगमध्ये एकही चूक दिसत नव्हती, कारण प्रोग्रॅमच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. दुरुस्ती एका ओळीची होती. पण तसाच "नाहीतर" आणखी कुठे कुठे लिहिला आहे, हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. पावती पाठवण्यात एक सापडला, दैनंदिन हिशेबात एक, परताव्यात एक.

तेव्हापासून एल्स दिसला की मी थांबून वाचतो. "नाहीतर" या शब्दाचा अर्थ "मला आज माहीत नसलेलं सगळं" असा असतो, आणि लिहिताना आपण तो "उरलेला एक प्रकार" असा घेतो.

हेच असं लिहिलं असतं तर:

प्रकार पेमेंट =
  यशस्वी(रक्कम, संदर्भ)
  | अयशस्वी(कारण)

जुळव पेमेंट
  यशस्वी(रक्कम, संदर्भ) → ऑर्डर_पक्की(रक्कम, संदर्भ)
  अयशस्वी(कारण) → ऑर्डर_रद्द(कारण)

समोरून येणारा मजकूर या प्रकारात बसवताना "प्रलंबित" ओळखीचं नाही, हे तिथेच, वेशीवरच कळलं असतं. मग आम्ही प्रकारात तिसरी ओळ घातली असती, आणि कंपायलरने प्रत्येक जुळव पुढे करून सांगितलं असतं: इथे प्रलंबितचं काय करायचं ते लिहिलेलं नाही, इथेही नाही, आणि इथेही नाही. दोन संध्याकाळींचं काम काही सेकंदांत यादी होऊन समोर आलं असतं. कोड आखूड होतो, सुबक दिसतो, या गोष्टी मला दुय्यम वाटतात. विसरलेल्या जागांची यादी मिळते, यासाठी मी पॅटर्न मॅचिंग वापरतो.

सगळ्या शक्यता लिहिल्या आहेत की नाही, हे प्रत्येक भाषा तपासते का?

नाही, आणि भाषा निवडताना हा फरक बघायला हवा.

रस्ट आणि स्विफ्टमध्ये एखादी शक्यता राहिली तर कोड कंपाइलच होत नाही. जावाच्या २१व्या आवृत्तीपासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, स्विचमध्ये साचे लिहिता येतात, आणि सील्ड प्रकारावर, म्हणजे ज्याचे उपप्रकार आधीच ठरवून बंद केले आहेत अशा प्रकारावर, असं स्विच लिहिलं तर एकही उपप्रकार सुटलेला चालत नाही. ओकॅमल आणि हॅस्केल इशारा देतात. तो इशारा चूक म्हणूनच धरायचा, तशी सेटिंग करून ठेवायची. हॅस्केलमध्ये इशारे मुद्दाम चालू करावे लागतात, हे लक्षात असू द्या. सी शार्पमध्येही स्विच एक्स्प्रेशन अपुरं असेल तर इशारा येतो, आणि त्याकडे काणाडोळा केला तर प्रोग्रॅम चालताना एक्सेप्शन.

एलिक्झर आणि अर्लांग चालताना ठामपणे कोसळतात: एकही साचा जुळला नाही, असं सांगून. कंपायलरची मदत नसली तरी निदान गोष्ट लपत नाही.

पायथन मात्र गप्प बसतं. एकही केस जुळली नाही तर मॅचच्या पुढच्या ओळीवर जातं, जणू काही घडलंच नाही. म्हणून पायथनमध्ये शेवटी सगळं पकडणारी अंडरस्कोरची (_) केस लिहून तिच्यात एक्सेप्शन उभं करा. टाइप चेकर, म्हणजे कोड न चालवता प्रकार तपासणारं साधन, वापरत असाल तर ३.११ पासून टायपिंग मॉड्यूलमध्ये असर्ट-नेव्हर आहे. तो त्या जागी ठेवला की राहिलेली शक्यता चेकरच दाखवतो.

मग शेवटी "_" घालून टाकलं की झालं ना?

कृपा करून सवयीने घालू नका. अंडरस्कोरचा साचा काहीही स्वीकारतो, म्हणजे तो जुना एल्सच, नवे कपडे घालून आलेला. तुमच्याच प्रकारावर जुळवताना तो घातला की कंपायलरची राखण बंद पडते. उद्या प्रलंबित आलं की ते निमूटपणे अंडरस्कोरमध्ये जाईल. पाच प्रकार असतील आणि तिघांचं उत्तर एकच असेल, तरी तिघांची नावं लिहा. बहुतेक भाषांत एकाच शाखेत "हा किंवा तो" असे साचे लिहिता येतात.

आकडे आणि मजकूर यांच्यासाठी तो लागणारच, कारण त्यांच्या शक्यता मोजून संपत नाहीत.

पायथनमध्ये माझी पहिलीच केस सगळं पकडते आहे. का?

हा प्रश्न इतक्यांदा आला आहे की उत्तर सविस्तर देतो. पायथनमध्ये पॅटर्न मॅचिंग ३.१० आवृत्तीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. समजा तुम्ही लिहिलंत:

सापडलं_नाही = ४०४

जुळव उत्तर_क्रमांक
  २०० → पान_दाखव()
  सापडलं_नाही → हरवलेलं_पान()

मनात असं असतं की दुसरी केस ४०४ शी तुलना करेल. पायथन तसं वाचत नाही. साच्यात आलेलं सुटं नाव म्हणजे "इथे जे काही असेल ते या नावात ठेव". त्यामुळे ५०० आला तरी ही केस जुळते, आणि वर सापडलं_नाही या नावात ५०० जाऊन बसतो. हीच केस मधे कुठे असती तर पायथनने सिंटॅक्सची चूक दाखवली असती, कारण खालच्या केसपर्यंत कधीच पोचता येणार नाही हे त्याला दिसतं. शेवटची असेल तर ती वैध आहे.

उपाय सोपा आहे. टिंब असलेलं नाव द्या, म्हणजे एनमचा सदस्य किंवा मॉड्यूलमधलं नाव. टिंब असलं की पायथन तुलना करतं.

याचंच भावंड म्हणजे प्रकाराचं नाव कंसाशिवाय लिहिणं. "मजकूर आहे का" हे तपासताना स्ट्रिंगच्या प्रकारापुढे रिकामा कंस हवाच. तो विसरला की प्रकाराचं नावच व्हेरिएबल होतं आणि सगळं गिळतं.

आणखी दोन गोष्टी पायथनवाल्यांनी ध्यानात ठेवाव्यात. डिक्शनरीचा साचा जास्तीच्या किल्ल्यांकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे रिकाम्या डिक्शनरीचा साचा कुठल्याही डिक्शनरीला जुळतो. आणि १ या साच्याला ट्रू जुळतं, कारण आकड्यांची तुलना साध्या बरोबरीने होते. ट्रू, फॉल्स आणि नन हे साचे म्हणून लिहिले तर मात्र ओळख तपासली जाते.

रस्टमध्येही सुटं नाव पकडतंच, पण तिथे कंपायलर सहसा इशारा देतो. एलिक्झरने ही अडचण फार छान सोडवली आहे: आधीच्या व्हेरिएबलशी तुलना हवी असेल तर त्याच्या आधी टोपीचं चिन्ह लावायचं.

गार्ड म्हणजे काय आणि ते कधी लावावं?

साच्याला जोडलेली जादा अट. "यशस्वी(रक्कम, संदर्भ), पण रक्कम १०,००० पेक्षा जास्त असेल तर." आकारात न मावणाऱ्या गोष्टींसाठी, विशेषतः लहान-मोठं ठरवण्यासाठी, गार्ड हवंच. पण सगळ्या शक्यता आल्या का हे तपासताना कंपायलर गार्डच्या आत शिरत नाही. "शून्याहून मोठा", "शून्याहून लहान" आणि "शून्य" असे तीन गार्ड लावले तर माणसाला सगळं झालं असं दिसतं, रस्टला दिसत नाही. अशा वेळी शेवटच्या शाखेचं गार्ड काढून टाका.

इफ कुठे ठेवावं?

जिथे प्रश्न खरोखर हो-नाहीचा आहे तिथे. वय १८ पूर्ण आहे का, फाइल आहे का, वेळ संपली का. ट्रू आणि फॉल्सवर मॅच लिहिणं हा मला निव्वळ हौसेचा भाग वाटतो. तीन-चार स्वतंत्र अटी वेगवेगळ्या व्हेरिएबलवर असतील, त्यांना एकत्र असा आकारच नसेल, तिथेही इफ वाचायला बरं. एकाच शाखेत रस असेल तर रस्टचं इफ-लेट किंवा लेट-एल्स पुरतं.

माझी खूण अशी आहे: एकाच वस्तूबद्दल तिसरा एल्स-इफ लिहायची वेळ आली, की त्या वस्तूला प्रकार द्यायचा राहिला आहे.

नल तपासण्याचं काय?

नल म्हणजे "इथे काहीच नाही" असं सांगणारी किंमत. इथे फायदा सर्वात लवकर कळतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका भाषेच्या रचनेत नल रेफरन्स आणला, आणि २००९ मध्ये लंडनच्या एका परिषदेत त्याला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. एमएल या जुन्या भाषेच्या कुळातल्या भाषांत "असेल किंवा नसेल" हा एक प्रकारच असतो: काहीतरी(किंमत) किंवा काहीच_नाही. आतली किंमत साचा जुळवूनच हाती येते, त्यामुळे नसण्याचा विचार केल्याशिवाय असण्यापर्यंत सहसा पोचता येत नाही. अर्थात रस्टमध्ये अनरॅप लिहून, म्हणजे न तपासता आतली किंमत मागून, हा दरवाजा मोडता येतो. नव्या कोडमध्ये अनरॅप दिसला की मी रिव्ह्यूमध्ये कारण विचारतो.

ही कल्पना नवीन आहे का?

अर्ध्या शतकाहून जुनी आहे. फ्रेड मॅकब्राइड यांनी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या १९७० च्या प्रबंधात लिस्प या भाषेला पॅटर्न मॅचिंगची जोड दिली. त्यांचा मुलगा कॉनर मॅकब्राइड पुढे याच विषयातला मोठा संशोधक झाला, ही गोष्ट मला फार आवडते. एडिंबरामध्ये रॉड बर्स्टल आणि जॉन डार्लिंग्टन यांनी साच्यांवर फंक्शन लिहिण्याची पद्धत घडवली. तिथूनच १९८० मध्ये होप ही भाषा आली, आणि तिथेच रॉबिन मिल्नर यांचं एमएल वाढलं. ओकॅमल, हॅस्केल, स्काला, एफ शार्प, रस्ट यांच्यातले साचे याच वळणाचे आहेत.

दुसरी वाट प्रोलॉग या भाषेतून येते. एरिक्सन या टेलिफोन कंपनीत १९८६ च्या सुमारास अर्लांग घडत होतं तेव्हा त्याची पहिली अंमलबजावणी प्रोलॉगमध्येच होती, म्हणून त्याचा साच्यांवर इतका जीव.

एखादं उदाहरण द्या, जिथे इफने लिहिणं खरंच त्रासाचं आहे.

दोन देतो.

पहिलं अर्लांगचं. त्यात बिटांवर साचा लिहिता येतो. इंटरनेटवरच्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीच्या पॅकेटचं डोकं (हेडर) असं असतं: ४ बिट आवृत्ती, ४ बिट डोक्याची लांबी, ८ बिट सेवेचा प्रकार, १६ बिट एकूण लांबी, आणि पुढे बाकीचं. अर्लांगमध्ये हा तक्ता जवळजवळ जसाच्या तसा लिहायचा, आवृत्तीच्या जागी ४ हा आकडा ठेवायचा, झालं. सीमध्ये याच कामाला सरकवणं, मास्क लावणं आणि प्रत्येक पायरीला लांबी तपासणं आलं. टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणाऱ्या लोकांनी ही सोय भाषेतच का घातली ते लगेच पटतं.

दुसरं लाल-काळ्या झाडाचं, म्हणजे गाठींना लाल-काळे रंग देऊन स्वतःचा समतोल राखणाऱ्या शोधाच्या झाडाचं. पुस्तकातून हे झाड शिकताना फिरवण्याच्या अवस्था पाठ करता करता जीव मेटाकुटीला येतो. क्रिस ओकासाकी यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की नवा घटक घालताना बिघडण्याचे आकार चारच आहेत: काळी गाठ, तिचं लाल मूल, आणि त्या मुलाचं लाल मूल, हे डावी-उजवीकडे चार तऱ्हांनी. चारही साचे ओळीने लिहायचे, आणि चौघांचं उत्तर एकच: वर लाल गाठ, खाली दोन काळ्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदावर चार आकृत्या काढल्या आणि कोड शेजारी ठेवला. कोड म्हणजे त्या आकृत्याच होत्या.

याने प्रोग्रॅम जलद होतो का?

रस्ट, ओकॅमलसारख्या भाषांत कंपायलर सगळे साचे एकत्र बघून तपासण्यांचा क्रम ठरवतो आणि एकच गोष्ट पुन्हा तपासणं शक्यतो टाळतो. ल्युक मारांजे यांचं यावरचं काम प्रसिद्ध आहे. पायथनमध्ये केस एकापाठोपाठ एक तपासल्या जातात, तिथे वेगाची आशा धरू नका. तसंही वेगासाठी हा बदल करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत प्रत्येक क्लासला स्वतःची मेथड देतातच की. ते वाईट आहे का?

मुळीच नाही. नवे प्रकार वारंवार येणार असतील आणि क्रिया ठरलेल्या असतील, तर मेथडची पद्धत सोयीची: नवा क्लास लिहा, बाकीच्याला हात लावू नका. प्रकार ठरलेले असतील आणि क्रिया वाढत जाणार असतील, तर साचे सोयीचे: नवं फंक्शन लिहा, प्रकाराला हात लावू नका. या ओढाताणीला फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये "एक्स्प्रेशन प्रॉब्लेम" हे नाव दिलं. पेमेंटच्या अवस्था, कंपायलरमधलं वाक्यरचनेचं झाड, नेटवर्कवरचे संदेश हे दुसऱ्या बाजूचे. ग्राहकांनी स्वतःचे प्लगइन लिहायचे असतील, तर ते पहिल्या बाजूचं काम.

माझ्या भाषेत पॅटर्न मॅचिंग नाही. मी काय करू?

जावास्क्रिप्टमध्ये ते आणायचा प्रस्ताव बराच काळ चर्चेत आहे, पण भाषेत अजून आलेलं नाही. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर अर्ध्याहून अधिक फायदा आजच मिळतो. प्रत्येक प्रकाराला "जात" नावाचं एक ठरावीक मजकुराचं फील्ड द्या, त्यावर स्विच लिहा, आणि शेवटच्या डिफॉल्टमध्ये ती किंमत नेव्हर प्रकारच्या, म्हणजे ज्यात कुठलीच किंमत बसत नाही अशा, व्हेरिएबलला द्या. एखादी जात राहिली असेल तर कंपायलर तिथेच अडवतो. सोडवून घेणं हाताने करावं लागतं, पण राखण मिळते. कॉटलिनचं व्हेनही सील्ड प्रकारांवर अशीच राखण करतं. गोमध्ये टाइप स्विच आहे, मात्र सगळे प्रकार आले का हे त्याचा कंपायलर बघत नाही, त्यासाठी वेगळा लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणारं साधन, लावावा लागतो.

जुन्या कोडमध्ये सुरुवात कुठून करू?

सगळे इफ एका दिवशी बदलायला घेऊ नका. ज्या फील्डचं नाव "स्टेटस", "टाइप" किंवा "मोड" आहे आणि ज्यात साधा मजकूर साठवला जातो, असं एक फील्ड निवडा. त्यात आज काय काय येतं ते डेटाबेसमधून मोजून काढा. तुम्हाला वाटतात त्याहून एक-दोन किमती जास्तच निघतील. त्यांचा प्रकार बनवा, बाहेरून येणारा मजकूर एकाच जागी त्या प्रकारात बदला, आणि अनोळखी किंमत आली तर तिथेच मोठ्याने नाकारा. मग त्या फील्डवरचे इफ एकेक करून जुळवमध्ये आणा, दर वेळी टेस्ट चालवून. शेवटचा इफ गेला की मजकुराचं जुनं फील्ड पुसून टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी त्याच्यावरच नवा इफ लिहितो.